माणसांचं चालणं चोरणारा जावई

माझ्या नणंदेच्या जावयाइतका नजरेचा चोर अख्ख्या बडोद्यात दुसरा नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. समोर मी त्याला अहो-जाहो करते, जावई आहे शेवटी. पण लिहिताना 'तो'च म्हणणार, माया एकेरीतच नीट बसते. पस्तिशी उलटल्यावर या बाबाने नंदेसरीची केमिकलच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि अ‍ॅनिमेशन शिकायला घेतलं. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चित्रातल्या माणसांना चालवायचं, बसवायचं, रडवायचं. तिथे कुणीतरी त्याला सांगितलं, आधी स्वतः अभिनय करा, मग चित्राकडून करून घ्या. झालं! त्या दिवसापासून आमच्या हरणीच्या सोसायटीत कुणाचं चालणं सुरक्षित राहिलं नाही. एकदा कोथिंबीर आणायला गेला, तर वाटेत जड पिशवी घेतलेला एक माणूस दिसला. ओझं उजव्या हातात, मग मान डावीकडे का जाते, हे बघत बघत हा त्याच्यामागून डभोईच्या बसमध्ये चढला आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतला. नणंदेने विचारलं तर म्हणतो, "आई, वजन पिशवीत नसतंच, मानेत असतं." तान्हं मूल उठून उभं कसं राहतं ते समजून घ्यायला हा नव्वद किलोचा गडी पाहुण्यांच्या देखत हॉलभर रांगला. नणंद कपाळाला हात लावून माझ्याकडे आली. "वहिनी, लोकांचे जावई रुसतात, आमचा रांगतो!"

मग त्याला एका स्टुडिओत काम मिळालं आणि पहिलाच मोठा शॉट आला: जमिनीवरून उठणारी आजी. त्यासाठी त्याने मला माझ्याच घरात नऊ वेळा खाली बसवलं आणि नऊ वेळा उठवलं. "अहो, मी काय लिफ्ट आहे का?" मी म्हटलं. तर म्हणतो, "मामी, उठायच्या आधी तुम्ही फरशीवरून काय उचलता?" काही नाही हो उचलत. गुडघा तयार होईपर्यंत नसलेला दोरा वेचत बसते, कुणाला कळू नये म्हणून. यजमानांना कळलं नव्हतं, डॉक्टरला कळलं नव्हतं, याला कळलं.

आणि त्याने चित्रातल्या आजीला तसंच उठवलं. स्टुडिओचे शेठ म्हणाले, "डोशीनो हाथ केडे जोईए, लोको हसे तो खरा!" कमरेवर हात नाही तर ती म्हातारी कसली, आणि लोक हसणार कसे? शनिवारपर्यंत बदला, नाहीतर घरी बसा. नणंद धावत आली. "वहिनी, तुमचं ऐकतात ते. ठेवा म्हणावं एकदाचा कमरेवर हात. दुसरं काम कोण देणारे यांना?" मी सांगायलाच गेले होते, खरंच. पण त्याने तो शॉट लावला, आणि पडद्यावर माझ्याच वयाची एक बाई फरशीवर बोट फिरवत, हळूच इकडेतिकडे बघत, कुणाची दया न घेता उठून उभी राहिली. "हिच्या कमरेला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे," मी म्हटलं. "लावणारच नव्हतो, मामी," तो म्हणाला. नणंद चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्याने शॉट बदलला नाही. मग तो दुसऱ्या कुणी केला. त्यातली आजी कमर धरून उठते आणि लोक हसतात म्हणे. हसू देत. आम्ही बघितला नाही, बघणारही नाही. हा पुन्हा नंदेसरीला लागला, त्याच कारखान्यात. पण नाद सोडेल तर शपथ! रोज पाळी संपली की माझ्याकडे येऊन त्या दिवशी पाहिलेलं एक माणूस करून दाखवतो आणि रविवारी ते चित्रात उतरवतो. परवा असाच दारात आला. खांदे उतरलेले, डबा हातात लोंबतोय, बूट काढायला पाय उचलावा की नाही, या विचारात उंबऱ्याशी उभा. बारा तास उभं राहून घरी निघालेला माणूस! मी टाळी वाजवली. "वा! अगदी हुबेहूब."

तो भिंतीला टेकला आणि हसला. "मामी," म्हणाला, "अजून सुरू कुठे केलंय?"