हळद-कुंकू लावलेला मुद्देमाल

त्या खंडेनवमीची आठवण निघाली, की आजबी माझा उजवा अंगठा आपसूक मुठीत लपतो. का लपतो ते शेवटाला कळंल. आधी माझी लायकी सांगतो. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून घरी आलो, पण इंग्रजी मला तवाबी मुंग्यांच्या रांगेवानी दिसायची आन् आजबी तशीच दिसती. सातवी झाली ती मास्तरांना माझा कटाळा आला म्हणून. पंचनामा लिवायला माझ्याइतका हळू माणूस ठाण्यात दुसरा न्हवता. पोरं म्हणायची, "आबांनी पेन उघडला, चला, जेवून येऊ."

निवृत्तीला दोन वर्षं राहिली हुती. ठाणं शिरूर तालुक्यातलं, नदी ओलांडली की दौंड. सकाळचे नऊ वाजले हुते. आम्ही रायफली पुसून शस्त्रपूजेची तयारी करत हुतो, तेवढ्यात परजिल्ह्यातनं एक तरणे फौजदार साहेब आले. संगं कोट घातलेला मॅनेजर, आन् त्याच्या कपाळावर एवढा घाम की मला वाटलं ह्याच्याच घरी दरोडा पडला.

मॅनेजर एका लहान विमान कंपनीचा. समुद्रातल्या बेटांवर त्यांची छोटी विमानं जायची. कंपनी बुडायच्या बेताला आली हुती, आन् एक मोठी कंपनी ती ताब्यात घेणार हुती. मोठ्या कंपनीला रस बेटांवर जायच्या हवाई रस्त्यांत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी दहाला नवे मालक आन् काही प्रवासी घेऊन एक विमान बेटावर जाणार, तिथंच सह्या हुणार. आन् नेमकी त्याच विमानाची देखभालीची वही गायब झालती. विमानाला काय दुखलं, काय बदललं, कुणी सही केली, सगळं त्या वहीत. फौजदार साहेबांच्या ठाण्यात चोरीचा गुन्हा दाखल झालता. संशय एका मेकॅनिकवर. पोरगा मांडवगण फराट्याचा, पाबळला यंत्राचं काम शिकलेला.

मॅनेजर म्हणाला, "वही मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली, तर झडतीत काही सापडलं नाही एवढा अहवाल द्या. त्यावर आम्ही दुसरी वही तयार करून घेऊ."

मला वाटलं, सोप्पं काम हाय. सापडलं तरी खूश, न सापडलं तरी खूश. असलं गिऱ्हाईक पोलिसाला कुठं मिळतं?

मी केडगाव स्टेशनवरच्या माझ्या खबऱ्याला फोन लावला. तो तिथं जीपमधी शिटा भरतो. म्हणाला, "परवा आलता की तो. पिशवी टपावर टाकू देईना. म्हणलं काय अंडी हायत का? तर म्हणतो, त्याहून नाजूक हाय. मांडवगणपर्यंत मांडीवर घेऊन बसला."

लगेच निघालो. घर शेतात, दोन खोल्या. दसऱ्यासाठी म्हातारीनं अंगणात झेंडूचा ढीग तोडून ठेवला हुता. पोरगा शांतपणे पुढं आला. "घ्या झडती," म्हणाला. मॅनेजर गाडीत एसी लावून बसला. फौजदार साहेबांच्या बुटाला ईतभर नाड्या, ते काढायला नको म्हणून त्यांनी कांद्याची चाळ आन् गोठा बघायला घेतला. घराची झडती माझ्याकडं.

दारातच म्हातारीनं अडवलं. "साहेब, बूट काढा. आत हत्यारं मांडल्यात."

मी बूट काढले. पाटावर पाने, पकडी, इळा, खुरपं, कोयता असं सगळं ओळीनं मांडलेलं, आन् मधोमध तांबड्या कापडाच्या बांधणीची एक जाडजूड पोथी. प्रत्येकावर झेंडूचं फूल. म्हातारी म्हणाली, "आलाच हाय तर कुंकू लावा. पोलिसाचा हात, हत्यारांना बरकत येईल."

असं कुणी म्हणलं की मी फुगतो. टोपी काढली, अंगठा कुंकवात बुडवला. पान्याला लावलं, कोयत्याला लावलं, पोथीला जरा जास्तच लावलं आन् खाली डोकं टेकलं. मग उठून ट्रंका उपसल्या, गाद्या झटकल्या, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. वही काय सापडली न्हाई. म्हातारीनं प्रसादाचा पेढा दिला. तोबी खाल्ला.

मेकॅनिकला ठाण्यात आणलं. दुपारचा एक वाजला हुता. मॅनेजर माझ्या टेबलाशी उभा राहिला. "अहवाल तेवढा लवकर लिहा. मला चारला निघायचं आहे." फौजदार साहेब आमच्या साहेबांकडं चहाला बसले. मी एका हातानं अहवाल लिवायला घेतला आन् तोंडानं चौकशी.

मॅनेजर उभा हुता तवर पोरगा त्याच्या बुटांकडंच बघत बसला. मग मॅनेजर फोनवर बोलायला भायेर गेला, तवा म्हणाला, "मामा, तुम्ही कधी विमानात बसलाय?"

"मी एसटीत लिंबू हुंगत बसतो बाबा."

"तुमच्याकडं ट्रॅक्टर हाय?"

"भावाकडं हाय."

"ट्रॉलीच्या जोडाला चीर गेली, तर भाऊ ऊस भरंल?"

"भरंल कशाला? घाटात ट्रॉली उलटी यायची."

"त्या विमानाच्या डाव्या पंखाच्या जोडाला चीर हाय. बेटावरचा खारा वारा, मामा. धातू आतनं खातो, वरनं रंग चकाचक. मी वहीत लिवलं, विमान उडवू नये. मॅनेजर म्हणला, पान फाड आन् नवीन लिव. मी सही केली न्हाई. उद्या दुसऱ्याची करून घेत्याल."

माझा पेन थांबला. "अरं मग वर विमान खात्याला सांगायचं ना."

"दोन मेल टाकले. सुट्ट्या लागल्यात. तिथल्या एका बाबूला पानाचा फोटो दाखवला, तर म्हणतो फोटो बनावट हाय, मूळ वही आण. वही कंपनीत ठिवली तर पान जातंय. म्हणून सुट्ट्या सरंस्तोवर घेऊन पळालो."

"कुठंय वही?"

त्यानं मान खाली घातली. "तुम्हाला सांगितलं की तुम्ही त्यांच्याच हातात देणार. तुमची नोकरीच तशी हाय."

खरं सांगतो, आरोप्यांनी मला लई शिव्या दिल्या, पण असं कुणाचं बोलणं लागलं न्हवतं. समोर माझाच अहवाल पडलेला. वही सापडली तर पान फाटणार. न सापडली तर माझ्या कागदावर नवी वही बनणार. दोन्ही बाजूंनी विमान उद्या दहाला उडणार, आन् एका बाजूला सही माझी. तीन वाजत आले तरी माझ्या साडेतीनच ओळी झालत्या. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या हळूपणाचा आधार वाटला.

तेवढ्यात शस्त्रपूजा उरकायला घेतली. सगळ्या रायफलींना फुलं लागली. मी काळजीत हुतो, काय तरी बोलायचं म्हणून ठाण्याची लिखापढी करणाऱ्या रायटर ताईला म्हणलं, "अगं, स्टेशन डायरीबी ठेव की पूजेत. आपलं खरं हत्यार तीच."

ताई म्हणाली, "आबा, काय तरीच काय बोलता! पूजेत ठेवलेल्याला उद्यापर्यंत कोण हात लावतं का? डायरी तर घडीघडीला लिवायची."

पेढ्याची चव एकदम तोंडात परत आली. पोथी! म्हातारीच्या घरात दुसरा एक कागद न्हवता, आन् मेकॅनिकच्या पाने-पकडीत पोथी कशाला ईल? मी अंगठ्याकडं बघितलं. नखात कुंकू तसंच हुतं.

गप बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण अहवाल पुरा करावा लागला असता. मी पोराकडं बघितलं. त्यानं माझ्या अंगठ्याकडं बघितलं आन् त्याचं तोंड पांढरं पडलं.

मी फौजदार साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. "साहेब, सकाळी माझ्याकडनं गाढवपणा झालाय. मुद्देमाल सापडला हुता. मी त्याच्या पाया पडून आलो."

साहेबांना कळायला येळ लागला. मग असे हसले की चहा सांडला. मॅनेजर काय हसला न्हाई, तो आधी गाडीत जाऊन बसला.

पोराला संगं घेऊन परत मांडवगणला. म्हातारी दारात आडवी आली. "पूजा मोडू नका."

मी म्हणलं, "आक्का, मोडत न्हाई. उचलायची न्हाई, जागच्या जागी लिवून घेतो. माझ्यावर इस्वास ठेवा." तिनं पोराकडं बघितलं. पोरानं हो म्हणून मान हलवली. ती बाजूला झाली.

मॅनेजरनं हात पुढं केला. "द्या इकडं. आमची मालमत्ता आहे."

"आता मुद्देमाल हाय साहेब. पंचनामा झाल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई." शेजारचे दोन फुलवाले पंच म्हणून बसवले. पान उघडून फौजदार साहेबांना म्हणलं, "साहेब, माझं इंग्रजी कच्चं हाय. वहीत शेवटाला काय लिवलंय ते तुम्ही वाचा, मी उतरून घेतो."

"त्याची काय गरज?" मॅनेजर वरडला.

"किती पानं, कोरी किती, लिवलेली किती, सगळं येतं पंचनाम्यात. मी कायद्याला लई भितो."

फौजदार साहेब वाचायला लागले. पयल्या ओळीला आवाज मोठा हुता, तिसऱ्या ओळीला बारीक झाला. मग मराठीत सांगितलं, "डाव्या पंखाच्या जोडाला चीर. विमान उडवू नये." मॅनेजर म्हणाला, "ते त्यानं नंतर लिहिलंय."

साहेब म्हणाले, "मग तर हे पान जास्तच जपायला पाहिजे."

मी अक्षर न् अक्षर काढलं. लिवलं न्हाई, काढलं, रांगोळी काढावी तसं. एका पानाला सव्वा तास. मॅनेजर आतभायेर करत हुता. पंचांनी सह्या केल्या. साहेबांनी पंचनाम्याचा आन् पानाचा फोटो वरिष्ठांना धाडला, तिथनं विमान खात्याच्या अधिकाऱ्याला घरी फोन गेला. सगळं लिवून झाल्यावर म्हातारीनंच उचलून दिली, मग वही सीलबंद झाली. म्हातारीनं तेवढं एक फूल वर ठेवायला लावलं. पोराला नोटीस देऊन सोडला. चोरी ती चोरीच, गुन्हा काय पुसला न्हवता.

पण निरोप पोचला का न्हाई, ते कळायला मार्ग न्हवता. दसऱ्याला पोरगा आपणहून ठाण्यात येऊन बाकड्यावर बसला. मी सुट्टी टाकून त्याच्या शेजारी. दहा वाजले. सव्वा दहा. ताई सोनं द्यायला आली, दोघांनी नुस्ती पानं हातात धरली. अकरा वाजले. पोरगा म्हणाला, "उडालं असतं तर आता बेट दिसलं असतं." आपट्याच्या पानाचा चुरा झाला माझ्या हातात.

पावणेबाराला फौजदार साहेबांचा फोन आला. "आबा, विमान जागेवरच आहे. अधिकाऱ्यांनी पत्रा उघडून बघितला. त्यानं लिहिलं होतं त्याहून चीर बोटभर पुढं गेलेली."

पोरगा भिताडाकडं तोंड करून रडला. मी त्याला पाणी द्यायला उठलो आन् बाकड्याला अडकून ग्लासासकट पडलो, म्हणून तो हसला. तेवढंच माझं तपासातलं कौशल्य.

पुढं गुन्हा कोर्टात गेला. लॅबचा रिपोर्ट आला, वहीच्या पुठ्ठ्यावर अंगठ्याचा एकदम स्पष्ट ठसा मिळाला. सगळ्यांना वाटलं, आरोपीविरुद्ध भक्कम पुरावा. ठसा माझा निघाला, कुंकवासकट. न्यायाधीशांनी इचारलं, "तपासणीआधी वही हाताळली होती का?" म्हणलं, "न्हाई साहेब, पुजली हुती." पोरानं वही सोताच्या फायद्यासाठी न्हेली न्हाई हे कोर्टाला पटलं, पोरगा सुटला.

त्या केसनं मला एक शिकवलं. कागद वाचता आला न्हाई तर वाचून देणारा मिळतो. पण सही न करणाऱ्या माणसाला वळखायचं काम दुसऱ्यावर टाकता येत न्हाई, आन् मी ते जवळजवळ टाकलं हुतं. चार वाजेस्तोवर अहवाल देऊन मोकळा झालो असतो. मी भराभर लिवणारा असतो तर काय झालं असतं, ह्या इचारानं आजबी दचकून उठतो.

मोठ्या कंपनीनं शेवटी ती लहान कंपनी घेतलीच. पंखाचा जोड नवा बसवला, मॅनेजरला घरी धाडलं, पोराला परत बोलावलं. माझ्या निवृत्तीनंतर त्याचा फोन आला. "मामा, या. बेट दाखवतो."

म्हणलं, "मला भ्या वाटतं रे. वही कोणती हाय?"

"तीच. कोर्टानं परत दिली. पुठ्ठ्यावर तुमचा अंगठा हाय अजून."

"आन् आत सही कुणाची?"

"माझी."

मी लिंबू घेऊन गेलो, आन् खिडकीपाशी, डाव्या पंखाच्या बाजूला बसलो.