माझ्या पट्टीवरच्या दोन रेघा

तुमच्यापैकी कुणीतरी कुडपण वाडीची ती गोष्ट महाडभर पसरवलीय, आणि तीही अर्धवट. नाव घेत नाही. पण आता माझी फजिती मीच पुरती सांगतो, म्हणजे निदान शेवट तरी खरा कळेल.

शिमग्याला वाडीत मुंबईची माणसं आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी परतणार. म्हणजे गरमीची, डॉक्टरांच्या भाषेत सिफिलिसची, तपासणी करायला आम्हा आरोग्य केंद्राच्या लोकांकडे तो एकच दिवस. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा, पंधरा मिनिटांत निकाल. रोग निघाला तर इंजेक्शन. इतकं सोपं. पण तपासणीसाठी घेतलेल्या शाळेच्या खोलीत शिरायला एक माणूस तयार होईना. शिरला की वाडी विचारणार, हा का गेला?

आमच्या आशा कार्यकर्त्या सुमनताई म्हणाल्या, "सर, थोडक्यात बोला आणि टेस्ट सुरू करा."

थोडक्यात? मी? अख्खी वाडी समोर बसलेली असताना?

व्हरांड्यात सगळ्यांदेखत मी स्वतःचं बोट टोचलं आणि पट्टी टेबलावर ठेवली. "एक रेघ आली तर निर्धास्त. दोन आल्या तर इलाज. लाज कसली?" मग भाषण सुरू. पहिल्यांदा प्रत्येक जण नाकारतो, म्हणालो. आजारी माणसाला एकटं पाडू नका, म्हणालो. सुमनताई घड्याळ दाखवायला लागल्या, तर मी तेही भाषणात घेतलं. म्हणालो, वेळ दवडू नका.

शेवटी समोरच्या बाळारामने हात वर केला. तो भायखळ्याला टेम्पो चालवतो.

"सर, तुमच्या पट्टीवर दोन रेघा हायत."

बघतो तर खरंच, पहिलीशेजारी दुसरी, फिकट रेघ. 

मागून एक म्हातारी म्हणाली, "आमच्या सुनंला दोन आल्या तवा पेढं वाटलं व्हतं."

"अहो आजी, ती पट्टी वेगळी! आणि ही चुकलीय. वीस मिनिटांच्या आत बघायची असते, मी पाऊण तास बोललो. पट्टी वाळली की खोटी रेघ उमटते."

"पयला समदेच नाय म्हणतात," बाळाराम समजुतीने म्हणाला. "तुम्हीच बोललात ना?"

गणपतआबा वाडीचे जाणते. ते काठी टेकत उठले. "पोरगा आपल्यासाठी डोंगर चढून वर आला. त्याला एकटा नाय पाडायचा. चला, घरटी एक माणूस."

पालखीला घरटी एक, पायऱ्यांची पाखाडी बांधायला घरटी एक. तसंच हेही. आबा आधी खोलीत शिरले, मग रांगच लागली. आता आत न गेलेल्यालाच वाडी विचारत होती, का रे, तू का नाय? घरटी एकावर कोण थांबतंय? नवऱ्यांमागून बायकाही आल्या. आणलेल्या पट्ट्या संध्याकाळपर्यंत संपल्या. कुणाचा काय निकाल आला ते मी मेलो तरी सांगणार नाही. इतकंच सांगतो, आमचं जाणं वाया गेलं नाही.

शेवटची पट्टी माझी. या वेळी तोंड मिटून, घड्याळ हातात धरून बसलो. एकच रेघ. मी ती आबांना दाखवली, बाळारामला दाखवली, म्हातारीला दोनदा दाखवली.

सामान आवरताना मी सुमनताईंना कबूल केलं, "ताई, पुढच्या वाडीत पाच मिनिटांत आटपतो."

"छे छे, सर," त्या म्हणाल्या. "पुढच्या वाडीतपण पट्टी वाळेपर्यंत बोला."