कंदिलानं न सांगितलेलं

करमाडच्या अंगाला जुनी विहीर उपसायची म्हटलं की लोक आधी कडूबाला बोलवत. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसात, तो पंधरा वर्षांचा होता. तेव्हापासून बापामागं विहिरीत उतरत होता. बापानं त्याला एकच शिस्त लावली होती. आधी माणूस नाही, पेटता कंदील उतरवायचा. चिलीम ओढून होईपर्यंत तो तळाशी जळत राहिला तर उतरायचं. विझला तर खाली हवा कोंडलेली आहे, माघारी फिरायचं. चोवीस वर्षांत कडूबाच्या "उतरा" या एका शब्दावर कितीतरी माणसं खाली गेली आणि धडधाकट वर आली. त्याला याचा अभिमान होता, आणि तो शोभतही होता.

बहात्तरच्या दुष्काळात पाणी इतकं खाली गेलं की काठावरचं इंजिन ते ओढेना. लोकांनी इंजिनं दोरखंडानं विहिरीच्या आत, खडकाच्या टप्प्यावर नेऊन बसवली. रॉकेलवर चालणारी ती इंजिनं तिथं तासन्‌तास धूर ओकत. एका मळ्यात अशाच इंजिनाच्या पाइपाची जाळी गाळानं तुंबली. इंजिन बंद करून मालकानं कडूबाला सांगावा धाडला. कडूबाबरोबर त्याचा धाकटा भाऊ सांडू होता आणि दोर धरायला चांदपाशा.

कंदील खाली गेला. कडूबा काठावरून वाकून बघत राहिला.

"पोरगी बघाया आल्यावानी काय बघतोस, दादा?" सांडू म्हणाला. "पसंत हाय का सांग, म्हंजी उतरतो."

"गप रं. चिलीम होऊ दे."

"सीधा जल रहा है," चांदपाशा म्हणाला. "हिलता बी नै."

कडूबानं चिलीम झाडली. "उतर."

सांडू तळाशी पोचला, जाळीला हात घातला आणि तिथंच मटकन बसला. हाकेला ओ आली नाही. कंदील मात्र त्याच्या शेजारी शांत जळत होता. कमरेच्या दोरानं दोघांनी त्याला ओढून काढलं, तेव्हा तो गेलेला होता. त्याचे गाल कुंकू माखल्यासारखे लाल होते.

गाव म्हणालं, आसरांनी नेला. पाण्यातल्या त्या सात बहिणींनीच त्याला कुंकू लावलं. सांडूची बायको द्वारकाबाई हेच धरून बसली. देवींनी नेला, म्हणजे कुणी मारला नाही, एवढा तिला आधार होता. दर अवसेला ती त्या विहिरीवर हिरव्या बांगड्या ठेवून येई. थोरल्या दिराला भाकरी वाढताना म्हणे, "तुमच्या हातात काय होतं, दादा?"

कंदील जळत असताना माणूस कसा गेला, हे कोडं मनात धरून कडूबा अर्ध्या भाकरीवरून उठे. एक दिवस तो शाळेत बद्रीनाथ मास्तरांकडं गेला. ते विज्ञान शिकवत.

"हवा एकजिनसी नसते, कडूबा," मास्तर म्हणाले. "अनेक वायूंची मिसळण आहे ती. त्यातला प्रत्येक वायू आपल्या वाट्याचाच दाब देतो, जणू बाकीचे तिथं नाहीतच. कंदिलाला लागतो प्राणवायू. त्याचा वाटा खाली पुरेसा होता, म्हणून तो जळला."

"मग माझा सांडू?"

"इंजिनाच्या धुरात आणखी एक वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. शंभरात एक वाटा असला तरी माणूस जातो. ज्योतीला त्याचं काही वाटत नाही. रक्ताला मात्र तो चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. गाल लाल होतात ते त्यानंच."

"पण बापाचा कंदील कधी चुकला नाय."

"तेव्हा प्राणवायूचाच वाटा घटलेला असायचा, म्हणून विझायचा. तुझ्या बापाच्या काळी विहिरीत इंजिन कुठं होतं?"

कडूबानं विचारलं, "लिंबाचा डहाळा दोराला बांधून खालवर केला असता, हवा खेळवली असती, एक दिवस जाऊ दिला असता, तर?"

"तर वाचला असता," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यानं द्वारकाबाईला सगळं सांगितलं. चुलीपुढं बसून तिनं ते ऐकलं.

"त्यास्नी दुखलं का?"

"नाय. झोप लागल्यागत व्हतं म्हणं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला आसराच बऱ्या होत्या, दादा."

कडूबा पुन्हा विहिरीत उतरला नाही. पण जिथं इंजिन आत बसवलेलं असे तिथं तो न बोलावता जाई, डहाळा खालवर करत काठावर बसे आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत कुणाला उतरू देत नसे. लोक वैतागत, शिव्याही देत.

द्वारकाबाईनं विहिरीवर जाणं सोडलं, आणि त्याच्याशी बोलणंही. दोन्ही वेळा ती त्याचं ताट पुढं सरकवायची, आणि तो जेवून उठेपर्यंत अंगणात जाऊन बसायची.