मेश्राम सरांचा उजवा खांदा

"दुखलं, ताई, दुखलं! आज त मस्त दुखलं!"

दुखणं वाढलं म्हणून आनंदाने ओरडत फाटकातून आत येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी मेश्राम सर. बालाघाटच्या सरकारी शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. वर्गात हिंदीतून, आमच्या ओट्यावर मराठीतून. निवृत्त झाले आणि उजवा खांदा दुखायला लागला. एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टरांनी "उम्र हो गई" म्हणत मलम दिलं. सर मात्र खुशीत घरी आले. "कारणच सापडून नाही राह्यलं, ताई! म्हणजे शोधाले जागा हाये!"

मग पूरक गोळ्या सुरू झाल्या. आधी मॅग्नेशियम, मग हळदीच्या कॅप्सूल, मग ड जीवनसत्त्व. नियम कडक. "एका टायमाले एकच. दोन घेतल्या त गुण कोणाले द्याचा?" गोळी लागू पडली नाही की तितक्याच उत्साहाने येऊन सांगत, "हे बी फेल! चला, एक कमी झाली."

त्यांच्या पत्नी सुलोचनाकाकू कपडे वाळत घालताना म्हणत, "गोंदियाले मोठ्या डॉक्टरले दाखवा न. काहून आंगावर काढून राह्यले?"

"हौ, हौ, हा प्रयोग होऊ दे."

ड जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थासोबत घ्या, असं दुकानदाराने सांगितलं होतं. सर पोळी तुपात बुडवून त्यासोबत गोळी घेऊ लागले, आणि खांदा असा पेटला की हात वर होईना. त्याच आनंदात ते त्या सकाळी आमच्याकडे धावत आले होते.

"सर, गोळी बंद करा," मी म्हटलं.

"छे! आता त धागा सापडला. आधी गोळी बिनतुपाची घेतो. मग तूप बिनगोळीचं."

नुसती गोळी घेतली, खांदा शांत. नुसतं तूप खाल्लं आणि थोड्या वेळाने सर खांदा धरून आमच्या ओट्यावर बसले. अंगाला घाम सुटलेला, डोळे चमकत होते. "गोळी निर्दोष हाये! तूप पकडलं गेलं! पण पोटातलं तूप खांद्यात गेलं कसं?"

आता मलाही राहवेना. त्याच दुपारी गाडी करून राजेगावमार्गे आम्ही तिघं गोंदियाला पोचलो. तुपाची हकिकत ऐकताच डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. पित्ताशयात खडे होते. "पित्ताशयाचं दुखणं कधीकधी खांद्यात जाणवतं," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे खांदा खोटं बोलून राह्यलता!" सरांनी टेबलावर थाप मारली.

डॉक्टर हसले नाहीत. "पिशवीला सूज आहे. आणखी अंगावर काढलं असतं, तर जिवावर बेतलं असतं."

ऑपरेशन सुखरूप झालं. शुद्धीवर येताच सरांनी खडे मागून घेतले आणि बाटली उजेडात धरली. "ताई, रंग त पाहा!" तेवढ्यात त्यांना पलंगाशेजारी पदराने डोळे पुसणाऱ्या काकू दिसल्या. त्यांनी बाटली खाली ठेवली.

"मी मजा घेऊन राह्यलतो आन् हे बिचारी रोज भेत होती," ते हळूच मला म्हणाले. "मले दिसलंच नाही." मग काकूंचा हात धरून त्यांनी विचारलं, "तुले त काही दुखत नाही न?"

"दुखते न. गुडघा. कधीचाच."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"म्हणलं, आधी तुमचा खांदा होऊ द्या."

सर ताडकन उठून बसायला गेले, आणि नर्सने ओरडून त्यांना परत आडवं केलं.