चोर स्विच

परवा शेजाऱ्याच्या गाडीची वायर जळली आणि त्या वासाने मला आलापल्लीच्या गॅरेजात नेऊन बसवलं. रशीदभाई माझ्या जुन्या जीपची वायरिंग बदलत होते. बॅटरी त्यांनी सीटखाली हलवली. मी स्टुलावरून त्यांच्या हातांवर नजर ठेवून होतो. सीटमागे त्यांनी एक बटण लपवलं.

"हे काऊन?"

"चोर स्विच हाय, भाऊ. हा बंद, तं गाडी बंद. तुमच्या-माझ्याशिवाय कोणाले मालूम नाई."

त्या 'माझ्या'पाशीच मी अडकलो. आठवड्याभरात चंद्रपूरला जाऊन स्विच दुसरीकडे बसवून घेतला.

त्यानंतर जीप त्यांच्याकडे नेली, की मी गाडी चालू करेपर्यंत रशीदभाई पाठ फिरवून उभे राहत.

स्विच हलवल्याचं मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.