फाळ आणि प्लुग

रहीमभाईंच्या नसीमचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या बसस्टँडवर होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती बोलली... त्याला आता महिना होत आला.

रहीमभाई आधी माझे शेजारी, मग मित्र. त्यांचे वडील लोह्याला नांगराचे फाळ घडवायचे. हे मात्र हैदराबादेत रशियन शिकले, तिथंच शिकवत राहिले आणि निवृत्तीनंतर मुलीकडे नांदेडला आले. नांगराला रशियनमध्ये 'प्लुग' म्हणतात. पोलिश, चेक, सर्बियनमध्येही थोड्याफार फरकानं तेच. लातूरच्या एका शेतकरी मेळाव्यात त्यांनी सांगून टाकलं, की हा प्लुग म्हणजे आपलाच फाळ, इथूनच तिकडं गेलेला. टाळ्या थांबेनात. बोलताना त्यांनी वडिलांचं नावही घेतलं होतं.

पुढं वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, की तसं नाही. रशियन, पोलिश अशा स्लाव लोकांनी तो शब्द बहुधा जर्मन शेजाऱ्यांकडून घेतला. त्यांचा स्वतःचा जुना शब्द 'रालो'. त्याआधी प्लुग कुठून आला, हे कुणालाच ठाम सांगता येत नाही. रहीमभाई कितीतरी दिवस घराबाहेर पडले नाहीत. "बापाच्या कौतुकापायी लोकांना खोटं सांगितलं हो मी," म्हणाले. मग हदगाव असो की भोकर, जिथं बोलायला जात तिथं आधी आपली चूक सांगायचे. लोकांना ते रुचायचं नाही. भोकरला एक शेतकरी म्हणाला, "राहू द्या की सर. ऐकायला लई बरं वाटत होतं."

"मलाबी वाटलं होतं," रहीमभाई खाली बघत म्हणाले. "म्हणूनच चुकलो."

हळूहळू बोलावणी थांबली.

नांदेडच्या शोकसभेत अध्यक्षांनी नेमकं तेच काढलं. आपला फाळ युरोपात पोचल्याचं सिद्ध करणारा माणूस गेला, म्हणाले. माना डोलल्या. मी पहिल्याच रांगेत होतो, मला सगळं ठाऊक होतं. आज कशाला, असं मनाशी म्हणत बसून राहिलो... आणि मागं नसीम उठली.

"ते चूक हाय. अब्बांनी ते परत घेतलं होतं. त्यांच्या नावावर तेवढं ठेवू नका."

मला मान वर करता येईना.

सभा संपल्यावर तीच जवळ आली आणि चहाला घरी घेऊन गेली. रहीमभाईंच्या खोलीत खिडकीशी त्यांची वेताची खुर्ची होती, बाजूला शब्दकोश. "बसा की, काका," नसीम म्हणाली.

चहा मी उभ्यानंच घेतला.