कोडीवरचा एक बोंबील

लेले मास्तर गेल्याचं मला भाऊच्या धक्क्यावर कळलं. आयेनं गावाहून पाठवलेला डबा घ्यायला कॉलेजातून धावत गेलो, तर आमच्या गावच्या होडीचा तांडेल दोर बांधता बांधता म्हणाला, "तुजा केमिस्ट्रीचा मास्तर गेला रे." डबा हातातच राहिला... आता महिना होऊन गेला, तरी कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितोय.

अलिबागला मी मॅट्रिकला एकदा आपटलो होतो, तोही केमिस्ट्रीत. बाबांनी बजावलं होतं, "परत नापास झालास तर सरल होडीवर." आणि माझी गाडी अडलेली एका शब्दावर, ग्रॅम-मोलेक्यूल. हायड्रोजनचे दोन ग्रॅम, पाण्याचे अठरा, मिठाचे साडेअठ्ठावन्न, आणि पुस्तक म्हणतं तिन्हींत कण सारखेच. वजनं वेगळी तर कण सारखे कसे... मास्तरांनी उरणचं मीठ बरोबर साडेअठ्ठावन्न ग्रॅम तोलून एका बाटलीत भरून टेबलावर ठेवलं होतं. मी नुसता बघत बसायचो.

मास्तर पुण्याचे, पक्के शाकाहारी. मासळीबाजारावरून जाताना उपरणं नाकाला. पण एक दिवस मलाच विचारतात, "कोडी म्हणजे किती रे?"

"वीस."

"बोंबलांची कोडी आणि सुरमईची कोडी, नग सारखेच ना? मग वजन?"

"बोंबील मी एकटा उचलीन, मास्तर. सुरमईला दोघं लागतील."

"झालं तर. ग्रॅम-मोलेक्यूल म्हणजे कणांची कोडी. फक्त ही कोडी फार म्हणजे फारच मोठी."

डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. मग त्यांनी विचारलं, चार कोड्या बोंबील म्हणजे किती? मी छातीठोक सांगितलं, चौऱ्याऐंशी. वर्ग खदाखदा हसला. मास्तर हसले नाहीत. "कसे रे?"

"आये दर कोडीवर एक वर घालते."

दुसऱ्या दिवशी मास्तर खरंच बाजारात, नाकाला उपरणं लावून आयेच्या टोपलीसमोर उभे. "बाई, हा वरचा एक कशाला?"

"गिऱ्हाईक खुशीत घरी जावा म्हनून. तुमी खात न्हाय, तुमाना काय कलनार?"

शाळेत आल्यावर मला म्हणाले, "तुझी आई वर एक घालते. हायड्रोजन घालत नाही. पेपरात तेवढं लक्षात ठेव." पेपरात नेमकं छत्तीस ग्रॅम पाणी आलं. अठरानं भागलं, दोन कोड्या, वर काही नाही. पास झालो. बाबा होडीवर माझ्याशिवाय गेले आणि मी कॉलेजात आलो, ते त्या एका कोडीमुळे.

परवा गावी गेलो तेव्हा मास्तरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, ती मिठाची बाटली मला दिली. घरी आणली. आयेनं ती हातात घेतली. "मास्तरानं आपलं एवढं केलं, पन माज्या टोपलीतलं त्याला कदी कायच देता आलं न्हाय," म्हणाली आणि बूच काढून घरातलं चिमूटभर मीठ वर घातलं.

"आये, हिशेब चुकंल."

"चुकूं दे."

बाटली आता माझ्या खोलीत आहे. रोज कॉलेजात तराजू हाताशी असतो, पण ती मी तोललेली नाही.